ओव्हनचं किटण

यात केक होतो, पिझ्झा होतो, नानकटाई होते, असं ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, विकताना दुकानदाराने सांगितलं होतं. यात दोन कढया, ढोकळ्याची थाळी, बिडाचा तवा आणि कुठल्याच भांड्याला न बसणारी सगळी झाकणं मावतात, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं. ते आमचं आम्ही शोधून काढलं. पुष्कळ घरांत ओव्हन हे कपाटच असतं, फक्त त्याला प्लग असतो. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर लोणच्याची बरणी.

त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर नवऱ्याने “यंदा नानकटाई घरी!” अशी घोषणा केली तेव्हा आधी कपाट रिकामं करावं लागलं. आणि मग आतलं दिसलं.

छताला तंदुरी चिकनच्या मोहरीच्या तेलाचा राप. जाळीवर चीज जळून झालेले काळे मणी. आणि मागच्या भिंतीवर वांगं. हे वांगं जरा सविस्तर सांगायला हवं. गॅसवर वांगं भाजलं की शेगडी घाण होते, म्हणून नवऱ्याने ते ओव्हनमध्ये भाजायचं ठरवलं. “टोचे मार रे,” असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोनदा म्हणाल्या. टोचलं की रस गळून जातो, असं नवऱ्याचं म्हणणं. वांग्याने वाफ आतल्या आत कोंडून घेतली आणि २०० अंशांवर जाहीर निषेध नोंदवला. ताटात वाटीभर भरीत आलं. बाकीचं भिंतींवर इतकं एकसारखं पसरलं होतं, की कांदा-कोथिंबीर भुरभुरली असती तर भिंतच पानात वाढता आली असती.

भांड्यांचा साबण या थराला हातही लावू शकत नाही. कारण तो नुसता तेलकटपणा राहिलेला नसतो. बिडाच्या तव्यावर तेल लावून, तापवून तापवून आपण जो काळा गुळगुळीत थर मुद्दाम चढवतो, तसाच थर ओव्हन आपणहून चढवून घेतो. तेलाचे रेणू उष्णतेने एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचा टणक पापुद्रा होतो. तव्यावरचा पापुद्रा गेला तर आई बोलतात, ओव्हनमधला राहिला तरी बोलतात.

बाजारात यासाठी फवारे मिळतात. त्यातल्या जहाल फवाऱ्यांत कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचा खरोखरच साबण करून टाकतो. पण डब्यावरच्या सूचना वाचल्या: हातमोजे घाला, डोळे जपा, खिडक्या उघड्या ठेवा, ॲल्युमिनियमला लावू नका. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच, आणि तिच्यात कबुतराने संसार थाटलेला. आईंना दमा आहे, आणि डब्याची किंमत वाचून मलाही धाप लागली.

मावशींना विचारून पाहिलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं, पदर खोचला, पुन्हा सोडला आणि म्हणाल्या, “ताई, आपलं भांड्यांचं ठरलंय. मशिनीचं नाही.” करार एवढा स्वच्छ शब्दांत मांडणारा वकील मी पाहिलेला नाही.

मग सल्ले सुरू झाले. आईंचा उपाय राख. यात तथ्य आहे. लाकडाच्या राखेत अल्कधर्मी क्षार असतो, तो चिकटा कापतो. आपल्या आज्यांची भांडी काही उगाच लखलखत नव्हती. पण सातव्या मजल्यावर पाइपच्या गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या बाईने राख आणायची कुठून? आईंनी हार मानली नाही. त्या देवघरातल्या उदबत्त्यांची राख वाटीत साठवायला लागल्या. घरात भक्तिभाव एकदम वाढला, सकाळ-संध्याकाळ तीन-तीन उदबत्त्या. वाटीचा तळ काही झाकला नाही.

जर्मनीतल्या नणंदेने व्हिडिओ कॉलवर आमचा ओव्हन पाहून सहानुभूती दाखवली. तिचा ओव्हन स्वतःला स्वतःच साफ करतो. बटण दाबलं की दाराला आपोआप कुलूप लागतं, आत ५०० अंशांच्या आसपास तापतं आणि सगळ्या घाणीची राख होते. मग नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं. आईंनी एवढं सगळं ऐकलं आणि त्यातला एकच शब्द उचलला. “राख होते? मग येताना घेऊन ये गं थोडी.”

शेजारच्या काकूंचा उपाय सगळ्यात लोकप्रिय: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओतायचं. त्या स्वतः करून दाखवायला आल्या. फस्स करून फेस आला, सगळे मागे सरकले, नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. फेस बसला. खाली वांगं होतं तसंच होतं.

यावर आमच्या दहावीतल्या चिरंजीवांनी तोंड उघडलं. व्हिनेगरसारखं आम्ल आणि सोड्यासारखा आम्लारी पदार्थ एकत्र आले की उदासिनीकरण होतं, क्षार आणि पाणी तयार होतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि दोघांचाही जोर संपतो. म्हणजे काकूंनी दोन कामाचे पदार्थ एकमेकांशी झुंजवून निकामी केले होते. हे सांगून तो आपल्या खोलीत गेला. घासणी हातात घेणं अभ्यासक्रमात नाही. पण मुलगा बरोबर होता. या फेसाचा उपयोग विज्ञान प्रदर्शनातल्या ज्वालामुखीला, ओव्हनला नाही.

खरा उपाय इतका कंटाळवाणा आहे, की त्याचा व्हिडिओ कुणी शेवटपर्यंत बघणार नाही. प्लग काढायचा. ओव्हन पूर्ण गार होऊ द्यायचा. तीन वाट्या खाण्याच्या सोड्याला साधारण एक वाटी पाणी, असा दाटसर लेप करायचा आणि आतून फासायचा. तापणाऱ्या रॉडना मात्र लावायचा नाही. किराणा दुकानातून सुटा आणला तर हे सगळं अगदी स्वस्तात बसतं. आणि मग रात्रभर काहीही करायचं नाही.

फासताना छत छळतं. भिंतीवर लेप राहतो, तळावर राहतो, छताचा मात्र मनगटावरून कोपरापर्यंत येतो. त्यात छताच्या खालीच रॉड, त्यांना चुकवत दोन बोटं घालायची, आणि ओटीजी एवढासा की डोकं आत जात नाही, नुसताच अंदाज. तरी रात्रभर काही न करणं त्याहून अवघड गेलं, कारण घरच्यांना ते जमेना. नवरा दर थोड्या वेळाने दार उघडून विजेरी मारायचा. अकरा वाजता आई म्हणाल्या, “अगं, चिंच लावून बघू का जरा?” मी ओव्हनच्या दारावर चिकटपट्टी लावली.

सकाळी पांढऱ्या लेपाचा चॉकलेटी झाला होता. वांगं मऊ पडलं होतं. घासणी फिरवली आणि मागची भिंत दिसली. ती करड्या रंगाची आहे, हे मी विसरून गेले होते.

पण सोडा पुसता पुसत नाही. फडकं फिरवावं, वाळलं की पुन्हा पांढरं. व्हिनेगरची खरी वेळ ही. थोडं शिंपडलं की जिथे सोडा उरला असेल तिथे बारीक फसफसतं, म्हणजे नेमकं कुठे पुसायचं ते कळतं. काकूंना त्यांचा फेस पाहायला मिळाला, त्या खूश. काचेवर लेप लावून खरवडायला काहीतरी कडक पण चरे न पाडणारं हवं होतं. नवऱ्याचं जिमचं कार्ड कामी आलं. अगदी कोरं होतं, कडा धारदार.

जाळी स्टीलची, ती बादलीत गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवली. ट्रे ॲल्युमिनियमचा. त्याला धुण्याचा सोडा लावला तर तो काळा पडतो, म्हणून तो बाजूला ठेवला होता. तोवर आईंनी तो उचलून नेला आणि चिंचेच्या कोळाने असा घासला की त्यात तोंड दिसावं. त्या दिवसापासून घरात रसायनशास्त्रावर शेवटचा शब्द त्यांचा आहे.

मग रिकामा ओव्हन पंधरा मिनिटं तापवून वाळवला. कुणी आत बोट फिरवलं, कुणी फोटो काढला. मी मैदा-रवा चाळायला घेतला, तूप-साखर फेसायला घेतली, तर नवरा मागे येऊन उभा.

“यात लगेच करायची?” तो हळूच म्हणाला. “इतका स्वच्छ झालाय.”

“अरे, पूर्वी आम्ही सामान घेऊन बेकरीतच जायचो,” आई म्हणाल्या. “तेच भाजून द्यायचे. अजून देतात कोपऱ्यावरचे.”

तूप-साखरेचा डबा आणि मैद्याची पिशवी घेऊन नवरा निघाला. दारातून परत वळला.

“काय गं, त्यांची भट्टी कोण घासत असेल?”