मी इथे नाहीच असं समजा

दुसऱ्याच्या पाठीमागे बसून त्याचं काम बघायचे मला पैसे मिळतात. आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही. "बघायचे? म्हणजे तू स्वतः काही करत नाहीस?" असं ती दर दिवाळीला विचारते आणि मी दर दिवाळीला चकली तोंडात घालतो.

या खेपेची कंपनी भोसरी एमआयडीसीतली, प्रेसवर पत्र्याचे पार्ट बनवणारी. (नाव सांगत नाही, त्यांचं मीठ खाल्लंय. कॅन्टीनच्या आमटीत ते जरा जास्तच होतं.) पुरवठादारांची बिलं आपोआप पास होतील अशी व्यवस्था आम्ही करून द्यायची होती. कॉन्फरन्स रूममध्ये मॅनेजरसाहेबांनी फळ्यावर सात चौकोन काढले. बिल येतं, पीओशी म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी जुळवतात, जीआरएनशी म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीशी जुळवतात, मंजुरी, एंट्री, पेमेंट, फाइल. "एवढंच. अगदी सरळसोट," म्हणत त्यांनी मार्करला टोपण लावलं. ज्याने आयुष्यात एक बिल स्वतः पास केलेलं नाही त्यालाच हे काम सरळसोट वाटतं. म्हणून मी म्हटलं, काम करणाऱ्यांच्या शेजारी तीन दिवस बसतो.

काम करणारे म्हणजे अकाउंट्समधले काका. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, चष्मा कपाळावर, उजव्या अंगठ्यात रबरी टोपी आणि समोर पाण्यात भिजवलेला स्पंज. त्यांच्या मागे मला प्लास्टिकचं स्टूल मिळालं. टोयोटाचे ताइची ओनो म्हणे इंजिनिअरला कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून द्यायचे आणि त्यात तासन्‌तास उभं करायचे. बघ, काय दिसतंय ते! त्या हिशेबाने स्टूल म्हणजे चैनच. फक्त त्याचा एक पाय आखूड होता, त्यामुळे मी लिहायला वाकलो की तेही वाकायचं.

"काका, तुम्ही नेहमीसारखं काम करा. मी इथे नाहीच असं समजा."

"बरं साहेब," म्हणून काकांनी टेबल आवरायला घेतलं. कॅलेंडरवर मागचाच महिना चालू होता, तो उलटला. टेबलाच्या काचेखालचा लॉटरीचा निकाल काढून खिशात घातला. मग मी तिथे नाहीच असं समजून माझ्यासाठी चहा सांगितला.

१९२४ साली शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड वाढवला तर काम वाढतं का, ते बघायला काही मंडळी बसली. उजेड कमी केला तरी काम वाढलंच, अशी गोष्ट आमच्या ट्रेनिंगमध्ये हमखास सांगतात. कुणी बघतंय म्हटलं की माणूस बदलतो, हे तिचं तात्पर्य. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण ते वाद घालणारे भोसरीत आलेले नसावेत. पहिल्या दिवशी काकांनी एकूण एक बिल फळ्यावरच्या सात चौकोनांबरहुकूम पास केलं. मधूनच मागे वळून "बरोबर ना साहेब?" म्हणायचे. मला काय डोंबल कळत होतं! मी मान डोलवायचो. संध्याकाळपर्यंत मजलाभर बातमी पसरली की ऑडिट आलंय आणि दोन माणसं कमी करणार. स्टोअरच्या मॅडमनी न मागता मागच्या वर्षीची इनवर्ड रजिस्टरं माझ्यासमोर आणून ठेवली, आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "माझ्या मुलीची बारावी आहे यंदा."

दुसरा दिवस नशिबाने १४ तारखेचा निघाला. १४ तारखेला जीएसटीचं टू-बी येतं, म्हणजे कुठल्या पुरवठादाराने आपलं बिल सरकारला दाखवलंय आणि कोण गप्प बसलाय ते उघडं पडतं. त्या धांदलीत काका मला खरोखरच विसरले. सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडला आणि गठ्ठा बाहेर आला. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक 'झो'.

"हे काय काका?"

"झोपलेली बिलं."

"म्हणजे?"

"अहो, खोट असते काहीतरी. परत पाठवलं तर तो मॅनेजरला फोन करतो आणि मॅनेजर माझ्यावर ओरडतो. झोपवलं की आठवड्याने तो मलाच फोन करतो, मी चूक सांगतो, तो दुरुस्त बिल पाठवतो. कुणाला त्रास नाही."

सात चौकोनांत झोपेचा चौकोन नव्हता. मी काढला.

मग काकांचा हात सुटला. बेळगावच्या फाउंड्रीचं बिल आलं. रकमेकडे त्यांनी बघितलंच नाही, जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघितले. "२७ महाराष्ट्र, २४ गुजरात, २९ कर्नाटक. हा २९ असून राज्यातल्या राज्यातला सीजीएसटी-एसजीएसटी लावून बसलाय. फोनवर माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो हो, पण टॅक्स परराज्याचा, आयजीएसटीच लागणार. आपल्या हातात आहे का ते?" उसासा टाकून त्यांनी कोपऱ्यात 'झो' लिहिलं. नंतर पत्र्याच्या कॉइलचं बिल. चलनावर ५,०२० किलो, यांच्या काट्यावर ५,००८. आमची प्रणाली इथे लालेलाल झाली असती. काकांनी सरळ पास केलं.

"बारा किलोचा फरक आहे, काका."

"दोन काटे कधी एक बोलतात का? पंधरापर्यंत चालतं. वीसच्या वर गेला की डेबिट नोट, तेवढे पैसे कापायचे."

"आणि पंधरा ते वीस?"

"माणूस बघायचा."

"हे कुठे लिहून ठेवलंय?"

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "लिहायचं कशाला? मी आहे की."

काही बिलांवर लाल टिकली होती. ते छोटे कारखानदार. त्यांचे पैसे ४५ दिवसांच्या आत गेले नाहीत आणि वर्षअखेरीलाही थकलेलेच राहिले तर कंपनीला तो खर्च इन्कम टॅक्सला त्या वर्षी दाखवता येत नाही. मॅनेजरसाहेबांना हे मार्चमध्ये आठवतं, टिकली मात्र बारा महिने असते.

सगळी एंट्री झाली की काका एक्सेलची बेरीज कॅल्क्युलेटरवर पुन्हा मारतात. आमच्या धंद्यात याला लॉटरी लागली म्हणतात. मी वहीत लिहिलं, 'दुहेरी काम, रोज ४० मिनिटं, पूर्ण वाचवता येईल,' आणि खाली दोन रेघा ओढल्या. तिसऱ्या दिवशी दोन बेरजांत १८,४०० चा फरक आला. म्हटलं, अंगठा चुकला काकांचा. काकांनी स्क्रीनवर पेन्सिल टेकवली. रांगेतले बाकीचे आकडे उजवीकडे टेकलेले, हा एकटाच डावीकडे. कुणाच्या तरी मेलमधून उचलून चिकटवलेला. एक्सेल त्याला आकडा मानतच नव्हतं, अक्षरं समजत होतं आणि बेरजेतून गुपचूप गाळत होतं. मी त्या दोन रेघा खोडल्या. खोडरबर काकांचंच.

एव्हाना मी 'साहेब'वरून 'अरे'वर आलो होतो आणि पास झालेल्या बिलांवर शिक्के मारत होतो. वहीत सात चौकोनांचे एकतीस झाले होते आणि अर्ध्यांत फक्त 'काकांना विचारा' लिहिलं होतं. पाच वाजता निघायला उठलो तर ट्रेमध्ये ओळखीचं चिन्ह दिसलं. आमच्याच कंपनीचं बिल, पहिल्या हप्त्याचं. ज्यासाठी आमचे साहेब मला दिवसातून दोनदा फोन करत होते तेच. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक 'झो'.

"काका, हे..."

"पीओ तुमच्या पुण्याच्या ऑफिसवर आहे, बिल फाडलंय बंगळूरच्या हेड ऑफिसने. २९."

"अहो, पण मी तीन दिवस तुमच्या पाठीमागे बसलोय! सांगायचंत की मला."

काकांनी अंगठ्यातली टोपी काढून स्पंजावर ठेवली. "तूच म्हणालास ना, मी इथे नाहीच असं समजा?"