तिका कोणी इचारल्यान?

जुलैमध्ये चार दिवस गावी होते. वेंगुर्ले तालुक्यात जुलैचा पाऊस म्हणजे काय ते तिथल्यांना सांगायला नको. दुपारी चारला लाईट गेली ती गेलीच. रात्री जेवणं उरकल्यावर करायला काही नाही, मोबाईलला रेंज नाही, फक्त भाच्याचा टॅब चार्ज होता आणि त्यात त्याने आधीच उतरवून ठेवलेली एक जुनी जपानी मालिका होती. 'आह! माय गॉडेस'. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून.

"आत्या, बघ ना, एका साध्या कॉलेजच्या मुलाच्या प्रेमात देवी पडते."

माजघरातून आईचा आवाज आला, "म्हंजे देवीचां लफडां?"

आमचं घर गुरवाचं. सातेरी देवीची पूजा पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे, बाबा आता शहात्तर वर्षांचे. त्यांच्यासमोर देवीची लव्हस्टोरी लावायची म्हणजे मला जरा धाकधूकच होती. पण ते झोपाळ्यावरून उठून खुर्ची ओढून आमच्या मागे बसले. मालिका जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं, म्हणून मी भाषांतरकार. मालवणीत.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केइची मोरिसातो नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बुटका, भोळा, सदा कफल्लक, मोटारसायकलवेडा. हॉस्टेलवर सीनिअर त्याला फोनपाशी बसवून निघून जातात. भूक लागते म्हणून तो जेवण मागवायला नंबर फिरवतो, आणि तो लागतो थेट देवलोकाच्या मदतकेंद्राला. पलीकडची बाई म्हणते, आलेच. आणि खोलीतल्या आरशातून देवी बाहेर येते. तिचं नाव बेलडँडी (आईने त्याचं लगेच 'बेलदांडी' केलं, श्रावण जवळ आला होता ना). ती म्हणते, एक इच्छा माग. त्याला वाटतं सीनिअर चेष्टा करतायत. म्हणून तो म्हणून जातो, तुझ्यासारखी देवी कायम माझ्याजवळ राहावी. झालं. वरून मंजुरी येते. इच्छा मान्य.

इथवर मी सांगत आले आणि मागून बाबांनी विचारलं, "आणि तिका कोणी इचारल्यान?"

मी टॅब थांबवला.

खरं सांगते, ही मालिका मी आधी एकदा पाहिली होती, रत्नागिरीत एकटी राहायला लागले तेव्हा. तेव्हा मला हा प्रश्न पडला नव्हता. मला ती गोड वाटली होती आणि अजूनही वाटते. कोसुके फुजिशिमाने हिची मूळ चित्रकथा 1988 ला सुरू केली आणि 2014 ला संपवली. 48 खंड. सव्वीस वर्षं! त्यातली कित्येक वर्षं ही दोघं नुसती एकमेकांचा हात धरू की नको यातच. भाच्याची पिढी याला कंटाळते, पण आमच्याकडे ओटीवर बसून समोरच्याशी लग्नाचा विषय काढायला तीन मे महिने घालवणारे लोक मी पाहिलेत, मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

कल्पनाही धमाल आहे. देवींना दर्जा आणि परवाना असतो. बेलडँडी पहिल्या वर्गाची, दुसऱ्या श्रेणीची, अमर्याद परवान्याची. सगळं विश्व चालतं इग्द्रासिल नावाच्या संगणकावर, त्यात बग शिरतात, आणि तिची धाकटी बहीण स्कुल्ड हातोडा घेऊन त्यांच्या मागे धावते. थोरली उर्द. तिघींची नावं उत्तरेकडच्या नॉर्स पुराणातल्या नियतीच्या तीन बायकांची आहेत, आणि त्यातल्या मधलीचं, वेर्दांदीचं, जपानी जिभेवर बेलडँडी झालं. आणि राहतात कुठे? बाई घेऊन हॉस्टेलवर राहता येत नाही म्हणून केइचीला हाकलून देतात, मग एका बौद्ध देवळात. नॉर्स देवी, बुद्धाचं देऊळ, जपानी पोरगा. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. ज्या गावात वेताळ आणि सातेरी आणि रवळनाथ एकाच गाऱ्हाण्यात (देवापुढच्या विनवणीत) येतात आणि सगळ्यांना मिळून 'व्हय म्हाराजा' होतं, तिथल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

पण बाबांच्या प्रश्नाने सगळं उलटं दिसायला लागलं.

केइचीच्या इच्छेत करार आहे. आणि तो मोडू नये म्हणून एक अदृश्य शक्ती आहे. दोघं लांब जायची वेळ आली की काहीतरी घडतं, आणि ती परत त्याच्याजवळ. हे विनोदासाठी आहे, मान्य. पण हसताना जरा थांबून बघा. अमर्याद परवान्याची देवी, आणि दिवसभर करते काय? स्वयंपाक. डबा. केर. चहा. तेही हसतमुखाने, आवाज असा की (आवाज देणारी किकुको इनोउए, 1993 च्या पहिल्या व्हिडिओ भागांपासून तीच) ऐकताना राग यायची सोयच नाही. आपल्याकडे 'सून लक्ष्मी आहे' असं ज्या सुरात म्हणतात ना, तोच सूर. लक्ष्मी म्हटलं की तिला पगार, सुट्टी, कंटाळा यांतलं काही लागत नाही.

आपल्या जुन्या गोष्टी याबाबतीत कडक आहेत. शंतनू-गंगा घ्या. अट कोणाची? गंगेची. मी काहीही केलं तरी विचारायचं नाही. आठव्या मुलाच्या वेळी राजाने विचारलं, ती चालू पडली. उर्वशीचंही तेच, तिच्या अटी, आणि अट मोडल्यावर पुरूरवा विनवण्या करतोय नि ती ऐकत नाही, हा संवाद थेट ऋग्वेदात आहे. पुढे कालिदासाने दोघांना एकत्र आणून गोड शेवट केला, तो भाग वेगळा.

मी लहानपणी जत्रेत दशावतारात ही गंगा पाहिलीय. रात्रीचे दोन वाजले असतील. रंगमंचावर एकच बाक, तेच सिंहासन, तोच नदीचा काठ. गंगेचं काम करणारे काका नऊवारी, नथ, गळ्यात चमचमणाऱ्या माळा. राजा अडवायला हात पुढे करतो आणि गंगा फक्त मान वळवते. बोलली काही नाही. पेटी थांबली, मृदंग थांबला, अख्ख्या मांडवात एक पोर रडत होतं तेवढाच आवाज. थोड्या वेळाने मी मागे पाणी प्यायला गेले तर गंगा पेटाऱ्यावर बसून विडी ओढत होती. तरी माझा तिच्यावरचा विश्वास हलला नाही.

केइचीच्या बेलडँडीला ती मान वळवायची मुभा कथेने दिलेली नाही. नाही म्हणायला 2000 साली आलेल्या चित्रपटात लेखकांनाही हे टोचलं असावं असं मला वाटतं. त्यात सेलेस्टिन नावाचा तिचा जुना गुरू येतो आणि तिची केइचीबद्दलची आठवणच पुसली जाते. आता करार-बिरार तिच्या डोक्यातच नाही. समोर उभा असलेला पोरगा कोण हेच ठाऊक नाही. आणि तिथून ती त्याच्याकडे पुन्हा कशी येते, ते बघण्यासारखं आहे. अख्ख्या मालिकेपेक्षा मला तो चित्रपट जास्त खरा वाटतो तो एवढ्यासाठीच.

आता कौलाबद्दल. घाटावरच्या मित्रांसाठी सांगते, आमच्याकडे देवीला विचारायची रीत आहे. गुरव देवीच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघतात. उजवीकडची पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही. शेत विकू का, विहीर इथे खणू का, पोराला मुंबईला धाडू का. देवी नाही म्हणू शकते. म्हणते. गाव मुकाट्याने ऐकतं (किंवा आठवड्याने तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारतं, ते सोडा).

मी तेवीस वर्षांची असताना मला डोंबिवलीचं एक स्थळ आलं होतं. सरकारी नोकरी, स्वतःचा ब्लॉक, मागणी काही नाही. काका खूश, आई खूश, आत्या तर मुंबईहून साडी घेऊनच आली. मला कुणी विचारलं नाही. त्यात दुष्टपणा नव्हता, विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. मीही काही बोलले नाही. बीएड करायचं होतं, ते मनातच.

रीतीप्रमाणे कौल लावला. मी खांबाला टेकून उभी होते. बाबांनी तांब्यात बोटं बुडवली, पाकळ्या लावल्या. डावी नुसती टेकवली. उजवीवर त्यांचा अंगठा जरा जास्त वेळ राहिला. फार नाही, एक श्वास. मग गाऱ्हाणं. पाच मिनिटांत डावी पडली.

काका म्हणाले, पुन्हा एकदा विचारू. बाबा म्हणाले, "देवीन सांगल्यान. झाला."

तो विषय घरात परत निघाला नाही. मी बीएड केलं. तो अंगठा मला इतकी वर्षं आठवत राहिला आणि मी कधी बोलले नाही, कारण गुरवाने कौलात हात घालणं म्हणजे काय हे मला कळतं. आणि खरंच घातला होता की माझ्याच डोळ्यांना तसं दिसलं, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्या रात्री टॅब थांबवलेला, बाहेर पावसाचा नुसता धो धो आवाज, भाचा वैतागलेला, आणि कंदिलाच्या उजेडात बाबांचे हात मांडीवर. मी विचारलं, "बाबा, डोंबिवलीच्या स्थळाच्या वेळी ती उजवी पाकळी तुम्ही दाबून लावली होतीत ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. पडद्यावर बेलडँडी तशीच थांबलेली, तिच्याकडे बघत होते.

"फुडचो भाग लाव," म्हणाले.