लसूण खाऊन इकोस्प्रिन बंद करू नका, प्लीज

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, की रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या खा, रक्त पातळ होतं, स्टेंटवाल्यांनी पण गोळ्या बंद केल्या तरी चालतं. बाबांच्या स्टेंटला आत्ता कुठे चार महिने झालेत आणि डबीत तीन दिवसांच्या गोळ्या तशाच दिसल्या, तेव्हा मला कळलं. लगेच डॉक्टरांना फोन केला. आता ग्रुपवरचा एकेक मुद्दा घेते.

"रक्त पातळ होतं." वरणात पाणी घातल्यासारखं काही होत नाही हो. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी एकमेकींना चिकटून गुठळी करतात, ते चिकटणं ॲस्पिरिन (इकोस्प्रिन म्हणजे हीच) आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या दोन वेगळ्या वाटांनी अडवतात. स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी, तिच्यावर आतून अस्तर चढेपर्यंत गुठळीची भीती जास्त, म्हणून दोन्ही गोळ्या, अटॅक येऊन गेला असेल तर बहुतेकांना वर्षभर.

"सीबीसीत प्लेटलेट नॉर्मल, मग गोळी कशाला?" सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, त्यातले दीड ते साडेचार लाख ही नुसती मोजणी आहे, त्या चिकटतात किती ते त्यात दिसतच नाही.

"मी बंद केली, मला काही नाही झालं." हा मुद्दा सगळ्यात घातक. प्लेटलेट 7 ते 10 दिवस जगते, तिच्यात न्यूक्लियस नसतो, त्यामुळे ॲस्पिरिनने बंद पाडलेलं एन्झाइम तिला परत बनवता येत नाही, ती मरेपर्यंत तशीच राहते आणि रोज साधारण दहावा हिस्सा नव्या येतात. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस जुन्या गोळीचाच असर चालू असतो आणि श्रेय जातं लसणाला! तोवर चिकटणाऱ्या नव्या प्लेटलेट रोज वाढतायत. क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलॉर ही गोळी असेल तर असर अजून लवकर उतरतो.

"लसणात तेच औषध आहे." लसणातले काही घटक परीक्षानळीत प्लेटलेटना थोडं रोखतात, खरंय, पण पाकळीतून किती मिळतं याचं माप काय? ॲस्पिरिनचं 1988 सालीच आयसिस-2 नावाच्या मोठ्या चाचणीत 17,187 हार्ट अटॅक पेशंटवर तपासलंय, पाच आठवड्यांतले मृत्यू 23 टक्क्यांनी कमी झाले. लसूण फोडणीत घाला की, कोण नाही म्हणतंय.

"गोळीने पोटात जखमा होतात." होऊ शकतात, म्हणून तर धडधाकट माणसाने मनानेच ॲस्पिरिन सुरू करू नये. पण स्टेंट असेल आणि काळी शी झाली (पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते) किंवा दात काढायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळी बंद करायची का ते त्यांनाच ठरवू दे.