फ्रँको म्हणे क्युबाची झेरॉक्स! थांबा जरा

परत तोच मेसेज. महिन्याभरात तिसऱ्यांदा आला. "काँगोचा गायक-गिटारवादक फ्रँको म्हणजे क्युबन गाण्यांची झेरॉक्स, वर हुकूमशहा मोबुतूचा भाट, आणि गाणी काय तर नुसती नाचायची." तिन्हीत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच पटकन पटतं.

झेरॉक्सचं आधी. 1933 पासून एचएमव्हीच्या जीव्ही मालिकेतल्या क्युबन तबकड्या आफ्रिकेत पोचल्या, लिओपोल्डव्हिलची (आताचं किन्शासा) पोरं त्या ऐकत वाढली, सुरुवातीला तर अर्थ न कळता मोडकंतोडकं स्पॅनिशही गायची, मान्य. पण क्युबात ते संगीत आलं कुठून? काँगोच्या बाजूनं गुलाम करून नेलेल्या माणसांचा त्यात मोठा वाटा, म्हणजे घरचाच माल बोटीनं फिरून परत आला की! आणि फ्रँकोनं त्याचं काय केलं बघा. आई बाजारात तळलेले गोड गोळे विकायची, हा शेजारी बसून गिऱ्हाईक खेचायला वाजवायचा, पहिली गिटार डब्याची, तारा विजेची वायर सोलून काढलेल्या. 1956 ला ओके जाझ हा त्याचा बँड उभा राहिला तेव्हा वय फक्त 17. त्याचं गाणं आधी रमतगमत चालतं, मग शब्द मागे पडतात आणि 'सेबेन' सुरू होतो: एक गिटार ताल धरते, दुसरी मधे विणत राहते, आणि फ्रँको अंगठा नि तर्जनीनं दोन तारा एकदम छेडत तोच छोटासा तुकडा घोळवत बसतो, अगदी तिथल्या लिकेंबेसारखा, म्हणजे ते अंगठ्यांनी वाजवायचं पात्यांचं वाद्य. क्युबन मोंतुनो, म्हणजे तिथल्या गाण्यातला तोच तुकडा घोळवायचा भाग, त्याचा चुलतभाऊ लागेल फार तर.

आता भाट. 1984 ला मोबुतूच्या निवडणुकीसाठी त्यानं गाणं केलं, उमेदवार एकच असलेली निवडणूक बरं का. त्याच राजवटीत रेकॉर्डच्या कारखान्याचा कारभारही त्याच्या हाती आला. हे झाकायचं कशाला. पण 1966 मध्ये मोबुतूनं माजी पंतप्रधान किंबासकट चौघांना हजारो लोकांसमोर फाशी दिली, तेव्हा 'लुवुंबू न्दोकी' कुणी काढलं? ह्यानंच. चेटूक करून आपल्याच माणसांचा बळी देणाऱ्यावर आहे ते, राजकारणातलं कुणाचं नाव नाही, तरी सरकारला कळायचं ते कळलं आणि तबकड्या जप्त झाल्या. 1978 ला अश्लील गाण्यांपायी तुरुंगातही गेला (ती खरंच चावट होती, तिथे मी त्याची वकिली करणार नाही). आत टाकणारे सरकारी वकील केंगो वा दोंदो. पुढे त्यांची खुर्ची गेली तेव्हा ह्या पठ्ठ्यानं 'तायेर' म्हणजे शिंप्याचं गाणं काढलं: मालकानं सुई परत घेतली, आता शिवणार कशानं? शिंपी कोण ते किन्शासात कुणाला विचारावं लागलं नाही.

राहिलं नाचायचं. 'मारियो' (1985) ऐका, शिकलासवरलेला तरुण एका श्रीमंत, वयानं मोठ्या बाईच्या जिवावर ऐतखाऊपणा करतो त्याची खरडपट्टी. आणि 1987 चं 'अटान्स्यों ना सिडा' एड्सवर, पंधरा मिनिटांच्या आसपास, त्यात तो विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर, एकेकाला हाक मारून बजावतो, सरकारांनाही सोडत नाही.

नाचताही येतं हो त्यावर, नाही कोण म्हणतंय.