वाटी द्यायचीच आहे, प्रश्न कधी द्यायची हा आहे

ताई, पाळलेला पोपट खाण्यासाठी किंचाळत असेल तर तो गप्प झाल्यावरच खाण्याची वाटी द्या, असं मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. 'पक्षी ओरडतो तो भुकेपोटी. गप्प होईपर्यंत वाटी द्यायची नाही म्हणजे मुक्या जिवाचे हाल,' असं तुमचं म्हणणं. तुमचा कॉकटील (तुऱ्याचा छोटा परदेशी पोपट) वाटी ठेवताना बोटाला चावतो, हेही लिहिलंत.

उपाशी ठेवा असं मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. एवढ्याशा जिवाला उपास झेपत नाही. कॉकटीलचं वजन साधारण शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. दहा टक्के उतरलं तर शिकवणं बाजूला ठेवून पक्ष्यांचा डॉक्टर गाठा. एरवी शांत असणारा पक्षी अचानक खाण्यासाठी आकांत करू लागला, तरीही आधी डॉक्टरच.

पण प्रत्येक किंचाळी भुकेची नसते. आमचा सन कॉन्यूर (पिवळा-केशरी परदेशी पोपट) पेरू खाऊन पोट भरलेलं असतानाही डब्याचं झाकण वाजलं की दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, मान वरखाली करतो, बुबुळं बारीक-मोठी होतात आणि मग कानठळ्या बसवतो. नेमक्या त्या क्षणी वाटी आली, की वाटी किंचाळीनेच आणली असं तो शिकतो. म्हणून दोन-तीन सेकंद थांबायचं. आवाज थांबला किंवा त्याने शीळ घातली की ताबडतोब वाटी. यात उपासमार कुठे आली? सेकंद पुढे हळूहळू वाढवता येतात. सुरुवातीला ओरडणं वाढतं, आणि घरचे नेमके तिथेच विरघळतात. मग त्याहून मोठ्याने ओरडायचं, एवढंच त्याला कळतं. कधी द्यायचं, कधी नाही, असं केलं तर सवय आणखी घट्ट होते. म्हणून फळं-भाज्या आधीच चिरून ठेवा, त्याला ताटकळत ठेवूच नका.

तुमचं एक म्हणणं मात्र मला शंभर टक्के पटतं: पक्ष्याला गप्प करणं हे ध्येय असू नये. सकाळ-संध्याकाळ थव्यातले पक्षी एकमेकांना साद घालतातच. आपण दुसऱ्या खोलीत असताना त्याने हाक मारली तर शीळ घालून ओ द्यावी. पिंजऱ्यावर कापड टाकणं, पाणी उडवणं, उलट ओरडणं यांच्या मी पूर्ण विरोधात आहे.

रानातल्या पोपटाचे दिवसातले कित्येक तास खाणं शोधण्यात जातात. पिंजऱ्यात वाटी पाच मिनिटांत रिकामी होते आणि चोच मोकळी राहते. थोडं खाणं कागदाच्या पुड्यांत बांधून टांगा, मक्याचं कणीस अख्खं द्या.

तुमच्या आजोळी मिठूला हाकेसरशी भिजवलेली डाळ नि मिरची मिळायची, ते वाचायला गोड वाटलं. मात्र आपले देशी पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवते.

आता चावण्याचं. वाटीपासून लांबच्या टोकाला एक दांडी बसवा. तिथे गेला की सूर्यफुलाची एक बी द्या. ते जमलं की तो तिथे असतानाच दुसऱ्या हाताने वाटी ठेवा. वाटीकडे झेपावला तर हात शांतपणे मागे घ्या आणि तो दांडीवर परतताच पुन्हा पुढे करा.