मनगटावरच्या श्वासाच्या आकड्यावर विसंबू नका

सध्या एक संदेश पुढे पुढे पाठवला जातोय: ‘स्मार्टवॉच दिवसरात्र श्वास मोजतं. आकडा 12 ते 20 असेल तर फुप्फुसं ठणठणीत. झोपेत श्वास अडकला तर घड्याळ लगेच उठवतं. म्हाताऱ्यांना, लहान मुलांनाही बांधा, दवाखान्याच्या फेऱ्या वाचतील.’ या शेवटच्या वाक्यामुळे कुणाला तरी दवाखान्यात पोहोचायला उशीर होईल, म्हणून हे लिहितोय.

‘घड्याळ श्वास मोजतं’ हेच मुळात अर्धवट आहे. मनगटाला हवा लागत नाही, नाडी लागते. घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडून रक्ताच्या लाटा टिपतं. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. लाटेची उंचीही थोडी बदलते. त्यावरून गणिताने अंदाज काढला जातो. ॲपल वॉचसारखी काही घड्याळं झोपेत मनगटाला जाणवणारी बारीक हालचाल वापरतात. निरोगी, तरुण, शांत झोपलेल्या माणसात हे छान जमतं. पण ठोक्यांमधला हा चढउतार वयाबरोबर कमी होतो, मधुमेहाने मज्जातंतूंना इजा झाली की आणखी घटतो. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय बिघडण्याच्या आजारात तर ठोकेच वेडेवाकडे पडतात, त्यात श्वासाची खूण शोधायची कुठे? हात गार पडले किंवा थरथरत असले तरी नोंद बिघडते. म्हणजे ज्या आजीआजोबांसाठी घड्याळ घ्या म्हणतात, त्यांच्याच बाबतीत अंदाज सर्वात कच्चा. छाती-पोटाभोवती बांधायचे पट्टे निदान प्रत्यक्ष फुगणं तरी टिपतात.

‘दिवसरात्र’ म्हणाल तर बरीच घड्याळं फक्त झोपेतली सरासरी सकाळी दाखवतात. दुपारी जिना चढताना लागलेली धाप त्यात येतच नाही.

‘लगेच उठवतं’ हे तर धोकादायक आहे. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार. तो घसा मिटून होत असेल तर हवा आत जात नाही, तरी छाती आणि पोट जोर लावून हलत राहतात. नुसती हालचाल पाहणाऱ्या सेन्सरला तो श्वासच वाटू शकतो. ॲपलने 2024 मध्ये आणलेली ॲप्नियाची सूचनाही 30 दिवसांच्या नोंदी तपासून येते, त्या क्षणी नाही.

प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, हे बरोबर. पण नेहमी 13 असणाऱ्याचा आकडा तापात 19 झाला, तर मर्यादेत असूनही तो बदल मोठा आहे. असा बदल रोजच्या नोंदींत दिसतो, आणि माझ्या मते घड्याळाचा खरा उपयोग तेवढाच. ‘रक्तातला ऑक्सिजन 97 टक्के आहे ना, मग झालं’ असंही लोक म्हणतात. मधुमेहात रक्तातलं आम्ल वाढलं (कीटोॲसिडोसिस) की माणूस खोल, भरभर श्वास घेतो, आणि ऑक्सिजन मात्र व्यवस्थित दिसू शकतो.

मुलांचं तर गणितच वेगळं, तिथे 12 ते 20 लावूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने 2 महिन्यांच्या आत मिनिटाला 60, 2 महिने ते 1 वर्ष 50, आणि 1 ते 5 वर्षं 40 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. सोबत खोकला असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ज्यांना आकडे मोजता येत नाहीत अशा दायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं साधन बनवलं होतं. बाळाच्या छातीकडे बघून त्या श्वास मोजत. आपल्यालाही ते जमतं: बाळ शांत असताना अंगावरचं झबलं वर करायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. रडताना किंवा दूध पिताना मोजायचं नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर आकडा कितीही येवो, तडक दवाखाना गाठा.