एक रेघ तर आहे!

वायरलेस उपकरणाच्या सर्किट बोर्डाचा ले-आउट संपत आला की कोणीतरी डोकावून विचारतं, "आता काय राहिलं?" उत्तर ठरलेलं: रेडिओ चिपपासून अँटेनापर्यंतची ट्रेस, म्हणजे तांब्याची पट्टी. त्यावरचा शेराही ठरलेला: "एक रेघ तर आहे!"

हो, एकच रेघ. फक्त तिची रुंदी चुकली की ती रेघ राहत नाही. चिप, रेघ आणि अँटेना यांचा इम्पीडन्स (लहरीला दिसणारा विरोध) जुळावा लागतो, बहुधा ५० ओहमला, आणि रेघेचा इम्पीडन्स ठरतो तिच्या रुंदीवर. १.६ मिलिमीटर जाडीच्या, तांब्याच्या दोन थरांच्या एफआर-४ (नेहमीच्या काच-इपॉक्सीच्या) बोर्डावर ५० ओहमची साधी मायक्रोस्ट्रिप, म्हणजे खाली ग्राउंडचं तांबं असलेली ट्रेस, काढायची तर रुंदी लागते साधारण ३ मिलिमीटर. रेडिओ चिपची पिन मात्र जेमतेम पाव मिलिमीटर. सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवायचा प्रकार. मग माणूस कंटाळून हाताला लागलेल्या सवयीने ०.३ मिलिमीटरची ट्रेस ओढून मोकळा होतो, आणि ती होते १३० ओहमची. लांबी दोन-तीन मिलिमीटर असेल तर निभावून जातं. पण ती १८ मिलिमीटर झाली की ब्लूटूथ-वायफायच्या २.४५ गिगाहर्ट्‌झला बरोबर पाव तरंगलांबी भरते, आणि पाव तरंगलांबीची रेघ म्हणजे चक्क ट्रान्सफॉर्मर. पलीकडे ५० ओहमची गुणी अँटेना असली तरी अलीकडे चिपला दिसतात ३४० ओहम. पाठवलेली निम्म्याहून जास्त शक्ती आल्या पावली परत.

दोन थरांतच भागवायचं असेल तर ट्रेसच्या दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटर अंतरावर ग्राउंड आणून बसवावं. रुंदी अर्ध्यावर किंवा त्याहूनही खाली येते. मात्र त्या ग्राउंडला दर ३ मिलिमीटरवर व्हाया (तांब्याचा मुलामा दिलेली भोकं) ठोकून खालच्या ग्राउंडशी शिवून टाकायचं, नाहीतर तेच तांबं स्वतः अँटेना व्हायला बघतं. चार थर परवडत असतील तर सुख आहे: वरच्या दोन थरांत ०.२ मिलिमीटर अंतर असलं की ०.३५ मिलिमीटरच्या आसपास काम होतं. या सुखाला दृष्ट लागते ती फॅबकडे, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात. आपण ०.२ धरलेलं असतं, त्यांच्याकडे त्या दिवशी ०.१ चं प्रीप्रेग (थरांमधला इन्सुलेटर) असतं. बोर्ड दिसायला तस्साच येतो, रेघही जागच्या जागी. ओहम तेवढे ३४. म्हणून स्टॅकअप (थरांच्या जाडीचा तक्ता) आधी मागवावा. रेघ काढून झाल्यावर मागवला तर वरातीमागून घोडे.

आता अँटेना. छापील अँटेना (बोर्डावरच्याच तांब्यातून काढलेली) कायम सोवळ्यात असते. तिच्याखाली कुठल्याही थरावर तांबं नको, जवळ स्क्रू नको, बॅटरी नको. जागा हवी ती बोर्डाच्या कडेला, शक्यतो कोपऱ्यात. हे सगळं पाळून कोपरा मोकळा ठेवला की मेकॅनिकलवाल्यांना तो लगेच दिसतो. "इथे जागा रिकामी आहे, इथे एक स्क्रू टाकतो." बोर्डावरच्या ज्या जागेसाठी आपण सगळ्यांत जास्त भांडलो, ती इतरांना रिकामी दिसते, याला काय म्हणावं?

मॅचिंगसाठी, म्हणजे अँटेना ५० ओहमला जुळवण्यासाठी, ट्रेसवर तीन भाग डाखायच्या पॅडांची 'पाय' (π च्या आकाराची) जोडणी ठेवायचीच, "अँटेना उत्तमच येणार आहे" अशी कितीही खात्री वाटली तरी. सुरुवातीला मधे शून्य ओहमचा रेझिस्टर, दोन्ही बाजूंचे पॅड रिकामे. किती शक्ती परत येते ते नेटवर्क अ‍ॅनालायझर या यंत्रावर मोजायला बारीक केबलची, म्हणजे कोअॅक्सची शेपटी जोडायची, तिचं ग्राउंड अगदी शेजारीच डाखायचं, आणि कॅलिब्रेशन (ओपन, शॉर्ट, लोड: टोक उघडं, मग ग्राउंडला जोडलेलं, मग ५० ओहमवर ठेवून यंत्राला केबल वजा करायला लावणं) शेपटीच्या टोकापर्यंत न्यायचं. नाहीतर आपण अँटेनाऐवजी केबल मोजत बसतो. ओळखण्याची खूण सोपी: केबलवरून हात फिरवला आणि पडद्यावरचा आलेख हलला, तर केबलही अँटेना झालेली आहे. तिच्यावर फेराइटचे मणी चढवावेत.

समजा स्मिथ चार्टवर, म्हणजे इम्पीडन्स दाखवणाऱ्या गोल आलेखावर, बिंदू २० ओहमवर बसला. गणित सांगतं, अँटेनाच्या बाजूला मालिकेत १.६ नॅनोहेन्रीचा इंडक्टर, आणि चिपच्या बाजूला ग्राउंडकडे १.६ पिकोफॅराडचा कपॅसिटर. आकडे इतके सुरेख जुळले की शंका यायला हवी, आणि शंका खरी ठरते. कारण पॅड आणि व्हाया आपापला चिमूटभर इंडक्टन्स-कपॅसिटन्स न विचारता घालतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली १ बाय अर्धा मिलिमीटरचा ०४०२ मापाचा भाग चिमट्यात धरायचा, श्वास रोखायचा, आयर्न टेकवायचा. भाग एका टोकावर उभा राहतो. पुन्हा. या वेळी तो चिमट्यातून उडतो आणि दिसेनासा होतो. तो शोधू नये, सापडत नाही. सापडलाच तर तो १.६ चा की २.२ चा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण त्याच्यावर काही छापलेलंच नसतं.

आलेखावर परतावा उणे १० डेसिबल आला म्हणजे दहा टक्केच शक्ती परत येते. इथे थांबायला हरकत नाही. उणे ३० च्या मोहात पडू नये. उणे ३० हवंच असेल तर अँटेना काढून ५० ओहमचा रेझिस्टर लावा. आलेख देखणा, प्रसारण शून्य.

आणि हे सारं उघड्या बोर्डावर केलं असेल तर मुसळ केरात. प्लॅस्टिकचं झाकण बसलं की अनुनाद (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत चांगली चालते ती) खाली सरकतो, बॅटरी शेजारी आली की आणखी हलतो. ट्यूनिंग करायचं ते बंद डब्यात, खऱ्या बॅटरीसकट. पहिल्या नमुन्यात अँटेनाचं शेपूट थोडं लांबच ठेवावं, कारण सुरीने कापता येतं, जोडताना मात्र नाकी नऊ येतात. अर्धा अर्धा मिलिमीटर कापत २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा एकदाचा आलेखाच्या दरीत बसतो.

नेमकं तेव्हाच डिझाइनवाले येतात. हातात चंदेरी, धातूचा मुलामा दिलेला लोगो. चिकटवायचा कुठे, तर झाकणाच्या कोपऱ्यात, थेट अँटेनाच्या डोक्यावर.

"एक स्टिकर तर आहे!"

ओपन, शॉर्ट, लोड. कॅलिब्रेशन पुन्हा पहिल्यापासून.